पहिल्या वेलांटीचा पाठलाग : अनेक विद्याशाखांत पाय ठेवणारे संशोधन सुरू करताना

संशोधनाला सुरुवात करू इच्छिणारे बहुतेक विद्यार्थी मार्गदर्शकाच्या दारात येतात तेव्हा त्यांच्या हाती विषय असतो, प्रश्न नसतो. ‘मला मेंदू आणि भाषा यांवर काम करायचे आहे’ हे वाक्य कानाला चांगले वाटते. परंतु ते खरे आहे की खोटे, हे तपासण्याचा कोणताही मार्ग नसल्यामुळे त्यावर काम उभे राहत नाही. मानव्यविद्या, अभियांत्रिकी, आरोग्य आणि मेंदूविज्ञान यांच्या सीमेवर काम करू पाहणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. या प्रत्येक क्षेत्रात ‘पुरावा’ या शब्दाचा अर्थ निराळा आहे आणि हे नवख्याच्या ध्यानात बहुधा पहिले वर्ष उलटल्यावर येते.

पायऱ्या नुसत्या सांगितल्या तर त्या कोरड्या वाटतात, म्हणून या लेखात एकच छोटा प्रश्न हाती धरून तो आरंभापासून शेवटापर्यंत नेला आहे. देवनागरीत ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडे लिहिली जाते, परंतु तिचा उच्चार अक्षरानंतर होतो. ‘कि’ वाचताना डोळ्याला वेलांटी आधी भेटते आणि ‘क’ नंतर. जिभेवर मात्र ‘क’ आधी येतो आणि ‘इ’ नंतर. मग मराठी वाचकाची नजर पहिल्या वेलांटीपाशी अडखळते का?

विषयातून प्रश्न काढणे

वरचा प्रश्न बरा वाटला तरी तो अजून कच्चा आहे. ‘अडखळते’ म्हणजे नेमके काय होते, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, तो उड्या मारत जातो, हे एमिल जावाल या फ्रेंच नेत्रवैद्याच्या १८७९ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या लेखनापासून ज्ञात आहे. दोन उड्यांमध्ये नजर साधारण पाव सेकंद, म्हणजे २०० ते २५० मिलिसेकंद, एका जागी थांबते. तेव्हा ‘अडखळणे’ म्हणजे पहिली वेलांटी असलेल्या शब्दावर नजर अधिक काळ थांबणे, अशी व्याख्या करता येईल. ‘नजर मागे परत येणे’ किंवा ‘मोठ्याने वाचताना उच्चार सुरू व्हायला उशीर लागणे’ अशीही ती करता येईल. या तिन्ही व्याख्या तीन वेगवेगळ्या प्रयोगांकडे नेतात. त्यांपैकी एक निवडून ती वहीत तारखेसह लिहून ठेवावी. कारण आकडे हाती आल्यानंतर सोयीची व्याख्या निवडण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

प्रश्न घडवताना दुसरे पाहायचे ते तुलनेचे. पहिली वेलांटी कशाशी ताडून पाहायची? सहज सुचणारे उत्तर म्हणजे दुसरी वेलांटी, आणि मराठीतला खरा पेच इथेच आहे. आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटी येणारा इकार, ‘आणि’, ‘नि’ यांसारखे अपवाद सोडल्यास, दीर्घ लिहिला जातो. अकारान्त मराठी शब्दातील उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, इकार दीर्घ असतो, आणि शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर उपान्त्य इकार ऱ्हस्व होतो. म्हणून ‘कीड’ पण ‘किडा’, ‘वीट’ पण ‘विटा’. याचा अर्थ असा की ‘वीट’ आणि ‘विटा’ यांची तुलना केली, तर वेलांटीची दिशाच नव्हे, शब्दाची लांबी, वचन आणि उच्चारातील अवयवांची (सिलॅबलची) संख्या हेही सारे एकदम बदलते. वेळेत फरक दिसला तरी तो नक्की कशामुळे पडला, हे सांगता येणार नाही. शाळेत घोकलेल्या ‘दिन–दीन’ आणि ‘शिर–शीर’ या जोड्या इथे उपयोगी पडतात, पण त्या मोजक्याच आहेत, आणि ‘दिन’ हा शब्द रोजच्या छापील मजकुरात ‘दीन’पेक्षा कितीतरी अधिक वेळा भेटतो. सवयीचा शब्द लवकर वाचला जातो, मग त्याची वेलांटी कोणत्याही बाजूला असो.

हा सगळा विचार व्याकरणाचा आहे. मेंदूविज्ञानाची प्रयोगशाळा कितीही सुसज्ज असली तरी तो तिथल्या यंत्रात सापडणार नाही. मराठी व्याकरण जाणणारी व्यक्ती पहिल्याच महिन्यात सोबत घेतली तर पुढची दोन वर्षे वाचू शकतात.

आधी कोणी विचारले आहे का?

पूर्वसाहित्याचा आढावा हा प्रबंधातील दुसऱ्या प्रकरणाची पाने भरण्यासाठी नसतो. आपला प्रश्न आधीच सुटला आहे का, आणि सुटला असेल तर कोणासाठी सुटला आहे, हे पाहण्यासाठी तो असतो. आपल्या उदाहरणापुरते सांगायचे, तर ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांवर केलेला अभ्यास ‘ब्रेन अँड लँग्वेज’ या नियतकालिकात २००२ साली प्रसिद्ध झाला आहे, आणि लिहिण्याचा क्रम व बोलण्याचा क्रम जुळत नसलेले शब्द वाचायला अधिक वेळ लागतो, असे त्यात आढळले. असा लेख सापडल्यावर नवखा संशोधक खचतो. वास्तविक आपला प्रश्न विचारण्याजोगा होता, याची ती पावती असते. आता प्रश्न बदलतो : हिंदीत जे आढळले ते मराठीतही आढळेल का? हिंदीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद उच्चारात आणि अर्थात टिकून आहे. मराठीत तो बहुतांशी लेखनाच्या नियमाने ठरतो आणि बोलताना पुष्कळदा जाणवतही नाही. म्हणजे मराठी वाचक वेलांटीच्या बाजूकडे उच्चाराची खूण म्हणून फारसे लक्षच देत नसेल, अशी शक्यता उरते. हिंदीचाच प्रयोग मराठीत नुसता उतरवून काढण्यापेक्षा ही शक्यता तपासणे अधिक मोलाचे आहे.

शोध घेण्याची पद्धत सोपी असली तरी चिकाटीची आहे. आरोग्य आणि मेंदूविज्ञानासाठी पबमेड, सर्वसाधारण शोधासाठी गूगल स्कॉलर, आणि भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भांडार, एवढ्यापासून सुरुवात करावी. एक चांगला लेख हाती लागला की त्याच्या संदर्भसूचीतून मागे जावे, आणि त्या लेखाचा नंतर कोणी कोणी उल्लेख केला आहे, ते पाहून पुढे यावे. नुसते शोधशब्द टाकत बसण्यापेक्षा या मागे-पुढे जाण्यातून अधिक हाती लागते. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे सरकारी विद्यापीठे व संशोधनसंस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत, तेव्हा पैसे भरून लेख विकत घेण्याआधी आपल्या ग्रंथपालांना विचारावे. मराठीतील जुने लेखन मात्र यांपैकी कोणत्याही ठिकाणी पुरेसे सापडत नाही. त्यासाठी ग्रंथालयातील जुन्या नियतकालिकांच्या बांधीव खंडांपाशी जाऊन बसावे लागते आणि त्याला पर्याय नाही.

लेख वाचताना सारांश आणि निष्कर्ष एवढेच वाचून पुढे जाऊ नये. आधी पद्धतीचा भाग वाचावा : सहभागी किती होते, ते कोण होते, काय मोजले, कशाशी ताडले. मग आकृत्या आणि तक्ते पाहून स्वतःचा निष्कर्ष काढावा, आणि शेवटी लेखकांचा निष्कर्ष वाचावा. दोन्हींत अंतर पडले, तर आपली चूक तरी सापडते किंवा आपल्या पुढच्या कामाची जागा तरी. वाचलेल्या प्रत्येक लेखाची नोंद झोटेरोसारख्या मोफत साधनात पहिल्या दिवसापासून ठेवावी. संभाषण करणाऱ्या संगणकप्रणालींना संदर्भ विचारल्यास त्या कधी कधी अस्तित्वातच नसलेले लेख पूर्ण आत्मविश्वासाने सांगतात. म्हणून जो लेख स्वतः उघडून पाहिलेला नाही, तो संदर्भसूचीत येता कामा नये.

चार घरांचा पुरावा

हा टप्पा मी मुद्दाम सावकाश घेतो, कारण अनेक शाखांना जोडणारे प्रकल्प बहुधा इथेच मोडतात.

मानव्यविद्येत पुरावा हा मजकुरात, हस्तलिखितात, दफ्तरात असतो, आणि त्याची पारख करण्याची शिस्त अतिशय कडक असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक होते, आणि १,२५९ हस्तलिखिते विचारात घेऊन ते काम १९६६ साली पूर्ण झाले. तिथे ‘नमुना’ मोठा असणे पुरेसे नव्हते. कोणते हस्तलिखित कोणावरून उतरले, हे लावल्याशिवाय शंभर प्रतींची साक्ष एकाच प्रतीच्या साक्षीइतकीच ठरू शकते. आकडेशास्त्र शिकून आलेल्या विद्यार्थ्याने हे समजून घेतले तर त्याला आपल्या शास्त्रातील ‘स्वतंत्र निरीक्षणे’ या अटीचा अर्थही नीट कळतो.

आपल्या वेलांटीलाही इतिहास आहे. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. इकारासाठी एकच वेलांटी होती आणि ती अक्षराच्या उजवीकडे येत असे. म्हणजे शेकडो वर्षे मराठीचा व्यवहार ज्या लिपीत चालला, तिच्यात हा उलटा क्रम नव्हताच. पुढे १९५३ साली लखनौ येथील लिपिसुधार परिषदेने देवनागरीतील ऱ्हस्व इकाराची खूणही उजवीकडे आणावी अशी शिफारस केली होती, पण ती व्यवहारात टिकली नाही. प्रयोगशाळेत वेळ मोजणाऱ्याला हे ठाऊक नसले तरी त्याचा प्रयोग होईल, परंतु ‘ही अडचण लिपीची की सवयीची’ हा प्रश्न त्याला सुचणार नाही.

अभियांत्रिकीत पुरावा म्हणजे चालणारे आणि पुन्हा पुन्हा तसेच चालणारे उपकरण किंवा प्रणाली. नजरेची हालचाल टिपणारे आय-ट्रॅकर यंत्र सेकंदाला ६० वेळा नोंद घेत असेल, तर दोन नोंदींत जवळपास १७ मिलिसेकंदांचे अंतर असते. सेकंदाला १,००० वेळा घेत असेल तर ते अंतर एकच मिलिसेकंद असते. आपल्याला शोधायचा फरकच २० मिलिसेकंदांच्या घरातला असेल, तर स्वस्त यंत्रावर तो पकडण्यासाठी नोंदींची संख्या खूप वाढवावी लागेल. हे गणित खरेदीच्या आधी करायचे असते. मजकूर पडद्यावर कोणत्या टंकात (फॉन्टमध्ये) दिसतो, तेही अभियंत्याने पाहायचे. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर असते, ती डावीकडे दाखवण्याचे काम टंक करतो. मराठी टंकलेखन यंत्रावर आणि अनेक जुन्या संगणकीय टंकांत मात्र पहिली वेलांटी खरोखरच आधी टंकावी लागे. जुन्या टंकातील मजकुरावरून शब्दांची वारंवारता मोजायला गेलात आणि हे विसरलात, तर पहिली वेलांटी असलेले सगळेच शब्द चुकीचे मोजले जातील.

आरोग्यक्षेत्रात पुरावा तुलनेतून आणि माणसांच्या प्रत्यक्ष जगण्यातून येतो. अभय बंग, राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत तपासली, तेव्हा ३९ गावांत ती राबवली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. ‘द लॅन्सेट’मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. ती ४७ गावे नसती, तर ‘तेवढ्या काळात मृत्यू एरवीही कमी झालेच असते’ या आक्षेपाला उत्तर देता आले नसते. आपल्या उदाहरणात आरोग्याचा धागा पक्षाघाताच्या रुग्णांपाशी पोहोचतो. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना डावीकडच्या गोष्टींचे भान राहत नाही, आणि वाचताना त्यांच्याकडून शब्दाचा डावा भाग सुटतो. अशा मराठी रुग्णाकडून शब्दारंभीची पहिली वेलांटी दुसरीपेक्षा अधिक वेळा सुटते का? रुग्णालयातील वाचा-उपचारतज्ज्ञाला या उत्तराचा थेट उपयोग आहे.

मेंदूविज्ञानाचा पुरावा सर्वांत आकर्षक दिसतो आणि म्हणूनच त्याच्याशी सर्वांत जपून वागावे लागते. १८६१ साली पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूतील इजेची जागा दाखवली आणि जूल देजेरीन यांनी १८९२ साली लिहिता येत असूनही वाचता न येणाऱ्या रुग्णाचे वर्णन केले. तेव्हापासून इजा आणि उणीव यांची जोडी लावणे हा या शास्त्राचा पाया राहिला आहे. आज जिवंत मेंदूचे कार्य पाहण्याची जी साधने आहेत, त्यांना प्रत्येकी आपली मर्यादा आहे. कवटीवरून विद्युतलहरी टिपणारी ईईजी पद्धत मिलिसेकंदांचा हिशेब देते, पण मेंदूतील जागा अचूक सांगू शकत नाही. एफएमआरआय जागा काही मिलिमीटरपर्यंत दाखवते, परंतु ती रक्तातील प्राणवायूच्या बदलावर अवलंबून असल्याने तिचा संकेत घटनेनंतर पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो. पाव सेकंदात घडणाऱ्या वेलांटीच्या वाचनासाठी यांपैकी काय निवडायचे, हे यंत्र कोठे उपलब्ध आहे यावरून ठरवू नये. माझे मत विचाराल, तर या प्रश्नासाठी पहिल्या दोन वर्षांत मेंदूची प्रतिमा घेण्याची गरजच नाही. नजर आणि वेळ मोजूनच पुष्कळ कळेल.

विद्यापीठाची चौकट

पीएच.डी. करायची असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे नोव्हेंबर २०२२ चे नियम एकदा मुळातून वाचावेत. त्यांनुसार किमान कालावधी तीन वर्षांचा आणि कमाल सहा वर्षांचा असून पुनर्नोंदणीने तो आणखी दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो, आणि महिला व ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. अभ्यासक्रमाचे किमान १२ श्रेयांक (क्रेडिट) पूर्ण करावे लागतात. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थ्यांची मर्यादा आहे, म्हणून मनातल्या मार्गदर्शकाकडे जागा आहे का, हे अर्ज करण्यापूर्वीच विचारून घ्यावे. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे अशी अट या नियमांत राहिलेली नाही, तथापि काही विद्यापीठे स्वतःची अट ठेवतात. अधिछात्रवृत्तीसाठी नेट परीक्षेखेरीज बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

मार्गदर्शक निवडताना मोठ्या नावापेक्षा एक साधी चौकशी करावी : त्यांच्याकडे सध्या काम करणारे विद्यार्थी त्यांना महिन्यातून किती वेळा भेटतात? दोन शाखांत काम असेल, तर सहमार्गदर्शक दुसऱ्या शाखेचा घ्यावा, आणि दोघांना एकाच टेबलापाशी बसवून ‘या प्रबंधात पुरावा म्हणून काय चालेल’ याचे टिपण सुरुवातीलाच लिहून घ्यावे. भाषाशास्त्राच्या मार्गदर्शकाला वीस सहभागी पुष्कळ वाटतात आणि सांख्यिकीच्या जाणकाराला तेच हास्यास्पद वाटतात; हा वाद तिसऱ्या वर्षी ऐकण्यापेक्षा पहिल्या वर्षी ऐकलेला बरा.

माणसांकडे जाण्यापूर्वी

सहभागी माणसे असतील, तर संस्थेच्या नैतिक समितीची मान्यता काम सुरू करण्याआधी मिळवावी लागते. आधी माहिती गोळा करून मागाहून मान्यता मिळवता येत नाही, आणि नवख्यांकडून सर्वांत महाग पडणारी चूक हीच होते. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपदंशाच्या कृष्णवर्णीय रुग्णांना उपचारापासून दूर ठेवून केवळ निरीक्षण चालले होते. आजचे नियम अशा प्रकरणांतून आलेले आहेत, ते कागदी घोडे नव्हेत. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे पाळली जातात. त्यांनुसार मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागतेच, शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलांची लेखी अनुमती घ्यावी लागते. रुग्णांवर उपचाराची चाचणी करायची असेल, तर पहिला सहभागी घेण्यापूर्वी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ येथे नोंदणी करावी लागते.

संमतीपत्र इंग्रजीतून शब्दशः उतरवलेले नसावे. ‘सदर अध्ययनातील आपला सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा आहे’ यापेक्षा ‘यात भाग घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा, मध्येच थांबलात तरी तुमच्या उपचारांवर परिणाम होणार नाही’ हे कोणालाही कळते. आपल्या उदाहरणात तर पेच असा, की ज्याचे वाचन हरपले आहे त्याच्याच हाती वाचायचा कागद द्यायचा आहे. तिथे मजकूर सावकाश वाचून दाखवणे, चित्रांचा आधार घेणे, प्रयोगाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर ठेवणे, आणि ‘काय समजले ते मला सांगा’ असे विचारून खात्री करून घेणे, हे सारे आराखड्यातच लिहावे. समिती नेमके तेच विचारते.

नमुना, पूर्वचाचणी आणि एक मेलेला मासा

किती सहभागी घ्यायचे, हे अंदाजाने ठरवू नये. अपेक्षित फरक जेवढा लहान, तेवढी संख्या मोठी लागते, आणि ते गणित जी-पॉवरसारख्या मोफत साधनाने करता येते. कॅथरीन बटन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवून दिले, की मेंदूविज्ञानातील त्यांनी तपासलेल्या अभ्यासांची, खरा परिणाम असल्यास तो पकडण्याची मध्यक क्षमता केवळ २१ टक्के होती. दोन वर्षांनी मानसशास्त्रातील १०० अभ्यासांची पुनरावृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा मूळच्या ९७ टक्क्यांच्या तुलनेत केवळ ३६ टक्के पुनरावृत्तींत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय परिणाम मिळाला.

त्याहून बोलके उदाहरण माशाचे आहे. २००९ साली काही अमेरिकी संशोधकांनी एक मेलेला सामन मासा एफएमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’ आणि नेहमीचे विश्लेषण केले. हजारो ठिकाणी एकाच वेळी चाचणी केली, की निव्वळ योगायोगाने काही ठिकाणे ‘सक्रिय’ दिसणारच. त्यासाठीची दुरुस्ती न करता पाहिले तर त्या माशाच्या मेंदूतही हालचाल दिसत होती, आणि दुरुस्ती केल्यावर ती नाहीशी झाली. वेलांटीच्या प्रयोगात नजरेचा थांबा, मागे परतणे, उच्चाराचा विलंब, चुका अशी दहा मापे घेऊन त्यांतले एक लक्षणीय निघाले म्हणून तेवढेच छापले, तर आपणही तो मासाच छापत असतो. यावर उपाय म्हणजे मुख्य माप कोणते हे आधी ठरवणे, आणि शक्य असल्यास संपूर्ण योजना ओपन सायन्स फ्रेमवर्कसारख्या ठिकाणी आधीच नोंदवणे.

पूर्वचाचणी पाच-सहा परिचितांवर करावी. तिच्यातून निष्कर्ष काढायचे नसतात. सूचना कळतात का, चष्म्याच्या काचेवरून परावर्तन होऊन यंत्र नजर हरवते का, अर्ध्या तासानंतर वाचक कंटाळतो का, हे पाहायचे असते. माझ्या एका जुन्या प्रयोगात सहभागींनी चष्मा लावला होता की नाही याची नोंदच केलेली नव्हती. ती चूक तीस जणांच्या नोंदी घेऊन झाल्यावर लक्षात आली आणि त्यांतील जवळपास अर्ध्या वापरता आल्या नाहीत.

नोंदी ठेवणे

मूळ विदा (डेटा) कधीही बदलू नये. तिची प्रत करून त्या प्रतीवर काम करावे. धारिकेच्या (फाइलच्या) नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने घालावी, म्हणजे नावांनुसार लावलेल्या धारिका आपोआप कालक्रमाने लागतात. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘खरोखर अंतिम’ अशा नावांचा जथा ज्याने एकदा जमवला आहे, त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. सहभागींची नावे आणि त्यांचे सांकेतिक क्रमांक यांची यादी विदेपासून वेगळी, कुलूपबंद ठेवावी. एखादा सहभागी वगळला, तर कोणत्या दिवशी आणि का वगळला, ते त्याच दिवशी लिहावे.

लेखन आणि प्रकाशन

लेखन शेवटी करण्याची गोष्ट नाही. पद्धतीचे प्रकरण प्रयोग चालू असतानाच लिहून काढावे, कारण दोन वर्षांनी पडद्यापासून वाचकाचे अंतर किती सेंटिमीटर होते हे कोणालाही आठवत नाही. वाङ्मयचौर्यासंबंधी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. त्यांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्के साम्य असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर मनाई होते आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. मात्र टक्केवारी कमी आली म्हणजे लेखन प्रामाणिक झाले असे नाही. दुसऱ्याची कल्पना स्वतःच्या शब्दांत मांडून त्याचे नाव गाळणे, हे कोणत्याही संगणकप्रणालीला सापडत नाही, तरीही ते चौर्यच असते.

कोणत्या नियतकालिकाकडे लेख पाठवावा, हे ठरवण्यासाठी पूर्वी आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘यूजीसी-केअर’ यादी होती. ती २०२५ साली बंद झाल्यामुळे पारख आता स्वतःच करावी लागते. आठवडाभरात स्वीकृती देण्याचे आश्वासन, अभियांत्रिकीपासून आयुर्वेदापर्यंत सर्व विषय एकाच अंकात, आणि शुल्काचा आकडा लेख स्वीकारल्यानंतरच कळणे, यांपैकी एकही खूण दिसली तर तिथे लेख देऊ नये. ज्या नियतकालिकातील लेख आपण स्वतः आढाव्यात वापरले, त्यांच्यापासून सुरुवात करणे सर्वांत सोपे. नकार आला तर परीक्षकांचे शेरे आठ दिवस बाजूला ठेवून मग वाचावेत.

मराठीत घडलेल्या अभ्यासाचे शब्दसंच, म्हणजे कोणते शब्द वापरले, त्यांची वारंवारता किती, लांबी किती, हे लेखासोबत खुले करावेत. इंग्रजी वाचनाच्या अभ्यासकाला असे संच आयते मिळतात. मराठीत पुढच्या माणसाला ते पुन्हा शून्यापासून जमवावे लागतात. आणि ज्या आजोबांनी पक्षाघातानंतर महत्प्रयासाने ऐंशी शब्द आपल्यासाठी वाचले, त्यांच्या घरी निष्कर्षाचे एक पान साध्या मराठीत, मोठ्या टंकात छापून द्यावे. ते पान कोणी वाचून दाखवायचे, हेही संमतीच्या वेळीच विचारून ठेवावे.